शेजारी बंदुकीचं दुकान येतंय: अमेरिकेत रहिवाशांचा विरोध कुठे चालतो आणि बंदूकधारक काय करतात

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका उपनगरात, शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावरच्या शॉपिंग प्लाझात बंदुकीचं दुकान येणार आहे. रहिवाशांनी सह्यांची मोहीम काढली. दोन दिवसांत दुकानाच्या बाजूने तिच्याहून मोठी मोहीम उभी राहिली. आता दुकान थांबवता येईल का, आणि ज्या शेजाऱ्यांकडे बंदुका आहेत त्यांच्याशी या काळात कसं बोलायचं?

सह्या मोजून हा निर्णय होत नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्या. तो होतो गावच्या झोनिंगच्या नियमात, म्हणजे गावाच्या कुठल्या भागात जागेचा कोणता वापर चालेल हे ठरवणाऱ्या नियमात, आणि तुम्ही तिथे वेळेवर पोहोचलात की नाही यावर. म्हणून मोहीम पुढे रेटण्याआधी टाऊन हॉलमधल्या प्लॅनिंग विभागात जा आणि चार गोष्टी विचारा. तो गाळा कोणत्या झोनमध्ये आहे? त्या झोनमध्ये किरकोळ दुकान आपोआप चालतं की सुनावणी होऊन 'कंडिशनल यूज परमिट', म्हणजे अटी घालून दिलेली परवानगी, घ्यावी लागते? नियमांत बंदूकविक्रीचा वेगळा उल्लेख आहे का? आणि आजपर्यंत त्या पत्त्यावर कोणकोणते अर्ज आले आहेत? पाटीचा अर्ज, आतल्या बांधकामाचा अर्ज, वापर सुरू करण्याचा दाखला, सगळं विचारा. पाटीच्या परवानगीचा साधा कागद हीच बहुतेक वेळा पहिली खूण असते.

आपल्याकडे शस्त्रपरवाना म्हटलं की जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे बरेच मराठी लोक थेट पोलीसप्रमुखाकडे निवेदन घेऊन जातात. अमेरिकेत दुकानाचा मूळ परवाना एटीएफ ही केंद्रीय संस्था देते. अर्जदार फॉर्म ७ भरतो, तीन वर्षांचे २०० डॉलर भरतो (नूतनीकरणाला ९० डॉलर), बोटांचे ठसे आणि फोटो देतो. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला जाते, पण ती फक्त माहितीसाठी. त्याच्या संमतीची अट केंद्रीय कायद्यात नाही. मॅसॅच्युसेट्ससारख्या काही राज्यांत विक्रेत्याला स्थानिक पोलिसांचा वेगळा परवाना लागतो, ती गोष्ट निराळी. एटीएफचा अधिकारी प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेतो आणि कायद्याने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. या सगळ्यात जाहीर सुनावणी कुठेच नाही. अर्जदार निकषांत बसला की शेजाऱ्यांची नाराजी हे नकाराचं कारण होऊ शकत नाही.

मात्र याच कायद्यात रहिवाशांसाठी एक दार आहे. अर्जदाराला लिहून द्यावं लागतं की या जागी हा धंदा राज्याच्या वा स्थानिक कायद्याने निषिद्ध नाही, परवाना मंजूर झाल्यावर ३० दिवसांत स्थानिक अटी पूर्ण केल्या जातील, आणि तोवर धंदा सुरू होणार नाही. ही अट १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्यातून आली. त्याच सुमारास फीही वाढली. त्याआधी घरच्या जेवणाच्या टेबलावरून बंदुका विकणारे परवानाधारक गल्लोगल्ली होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रेत्यांचे परवाने सुमारे अडीच लाख होते, दशक संपेपर्यंत ते निम्म्याहूनही खाली आले. निवासी भागात धंदा करायला गावाची परवानगी नाही, एवढ्या एका मुद्द्यावर कितीतरी अर्ज गळाले. म्हणजे झोनिंगमध्ये खरी ताकद आहे. पण ती तुमच्या राज्याने तुमच्या गावाच्या हातात ठेवलेली असेल तरच.

बहुतेक राज्यांनी बंदुकीबद्दल वेगळे नियम करायला गावांना आणि शहरांना मनाई केली आहे. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनचं उदाहरण बघा. २०१५ मध्ये तिथल्या चेरीडेल भागात येऊ घातलेलं एक दुकान विरोधामुळे आणि जागेचा करार मोडल्यामुळे आलं नाही. पुढच्याच वर्षी लायन पार्कमध्ये दुसरं आलं. पालक, चर्चवाले, आमदार सगळे विरोधात उभे राहिले. काउंटी बोर्डाने स्पष्ट सांगितलं की हे थांबवण्याचा कायदेशीर अधिकार आमच्याकडे नाही, आणि मार्च २०१६ मध्ये दुकान उघडलं. फ्लोरिडात तर बंदुकीचा स्थानिक नियम जाणूनबुजून करणाऱ्या लोकप्रतिनिधीला वैयक्तिक ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती तरतूद वैध ठरवली. अशा राज्यात कौन्सिलरच्या मागे लागून उपयोग नाही. तो तुमच्या बाजूचा असला तरी त्याचे हात बांधलेले असतात.

कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत चित्र वेगळं आहे. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये २०२१ च्या वसंतात दुकानाची तयारी सुरू असल्याचं लोकांना कळलं. पूर्ण बंदीची मागणीही झाली, पण कौन्सिलने जूनमध्ये जो मार्ग घेतला तो झोनिंगचा होता: ठरावीक मोजक्याच भागांत परवानगी, तीही विशेष परमिट घेऊन. मॅसॅच्युसेट्समध्ये नव्या झोनिंग नियमाच्या सुनावणीची पहिली जाहिरात छापून आली की त्यानंतर दिलेल्या बांधकाम परवान्याला नवा नियम लागू होऊ शकतो, म्हणून तिथे दिवस न दिवस मोजावा लागतो. कॅलिफोर्नियात गाव तातडीची स्थगिती आणू शकतं: चार-पंचमांश मतं लागतात, पहिली ४५ दिवसांची, वाढवत वाढवत जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. पण अर्जदाराच्या हातात वैध परवाना असेल आणि त्यावर विसंबून त्याने बांधकामावर भरीव खर्च केला असेल, तर त्याचा हक्क पक्का होतो आणि नंतर केलेला नियम त्याला सहसा लागत नाही. उशिरा जागं होणं हे विरोध फसण्याचं पहिलं कारण आहे.

दुसरं कारण फुटपट्टीचं. 'शाळेपासून ५०० फूट' असा नियम वाचून लोक खूश होतात, पण ५०० फूट कुठून कुठवर? कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीतला टेशेरा खटला याच प्रश्नावरून उभा राहिला. नियम होता की बंदुकीचं दुकान निवासी भागापासून ५०० फुटांच्या आत नको. अर्जदार दारापासून दारापर्यंत मोजत होते. तसं मोजलं की अंतर ५०० च्या वर भरत होतं. काउंटीच्या कर्मचाऱ्यांनी इमारतीच्या भिंतीपासून जवळच्या निवासी जागेच्या हद्दीपर्यंत मोजलं, तर ४४६ फूट भरलं. मधून महामार्ग जातो, एवढ्या फरकाने कुणाचं काय बिघडतं, या विचाराने डिसेंबर २०११ मध्ये झोनिंग मंडळाने सवलत दिली. तिथल्या घरमालकांच्या संघटनेने वर अपील केलं, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये पर्यवेक्षक मंडळाने ती सवलत काढून घेतली.

प्रकरण नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयात गेलं. २०१६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दुकानदारांच्या बाजूने कौल दिला. २०१७ मध्ये मोठ्या पीठाने तो फिरवला. बंदूक बाळगण्याच्या हक्कातून बंदूक विकण्याचा स्वतंत्र हक्क निघत नाही, असं त्यांनी म्हटलं. शिवाय काउंटीत दहा दुकानं आधीच चालू होती, त्यातलं एक तर याच जागेपासून साधारण ६०० फुटांवर, त्यामुळे गिऱ्हाइकांची अडचण झाली असं दाखवता आलं नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे ऐकायला नकार दिला.

ही बाजू वाचून गावाने हवी तशी बंदी घालावी असं मात्र नाही. शिकागोने शहरभर विक्रीबंदी ठेवली होती, ती केंद्रीय न्यायाधीशांनी जानेवारी २०१४ मध्ये रद्द केली. नेमबाजीच्या रेंजवर त्याच शहराने इतक्या अंतराच्या अटी लावल्या की शहराची जेमतेम २.२ टक्के जमीन उरली, आणि २०१७ मध्ये सातव्या सर्किटने त्याही फेटाळल्या. बंदुकीच्या हक्कावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर तर न्यायालयं असे नियम इतिहासातल्या नियमांशी ताडून पाहतात. तेव्हा दुकानाला गावात कुठेतरी खरीखुरी जागा राहील असा नियम टिकतो. नकाशावर सगळीकडे लाल रंग फासणारा नियम कोर्टात पडतो आणि वर समोरच्याच्या वकिलाची फी गावाला, म्हणजे तुमच्याच करातून, भरावी लागू शकते.

सुनावणीबद्दल. बोलायला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. "आम्हाला बंदुका नकोत" हे वाक्य माणूस म्हणून मला पूर्ण समजतं, पण प्लॅनिंग मंडळाच्या कामाला ते येत नाही. मंडळाला निर्णयासाठी 'फाइंडिंग्ज' लिहावे लागतात: हा वापर आजूबाजूच्या वापरांशी जुळतो का, सुरक्षेवर काय परिणाम होतो. त्यांना पुराव्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. मोजणीचा नकाशा, शाळेची चालत यायची वाट, प्लाझाच्या मागच्या गल्लीतला अंधार, आधीच्या घरफोड्यांची पोलीसनोंद, अशा गोष्टी आणा आणि लेखी द्या. फाइलमध्ये जे नाही ते अपिलात सहसा मांडता येत नाही. वाहतूक वाढेल असा ओढून ताणून मुद्दा काढू नका. लहान दुकानाला दिवसाला मोजकी गिऱ्हाइकं येतात, आणि एक मुद्दा खोटा पडला की बाकीचे खरे मुद्देही हलके होतात.

जागामालकावर रहिवाशांनी दबाव आणणं, पत्रं लिहिणं, त्या प्लाझात खरेदी न करणं हे चालतं. पण महापौराने किंवा एखाद्या अधिकाऱ्याने परवान्याची, तपासणीची धमकी देऊन मालकाला करार मोडायला लावलं तर गाव अडचणीत येईल. २०२४ मध्ये एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन, बंदूकधारकांची देशव्यापी संघटना) विरुद्ध वुलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की नको असलेल्या मताला शिक्षा करण्यासाठी अधिकारी तिसऱ्यावर बळजबरी करू शकत नाहीत. त्याचबरोबर दुकानदाराला पुराव्याशिवाय गुन्हेगार म्हणू नका. आर्लिंग्टनमधल्या दुकानाने २०१६ मध्ये साठहून अधिक विरोधकांवर, त्यांत सात आमदारही होते, एकवीस लाख डॉलरचा दावा लावला होता. तो टिकला नाही, पण तोवर साध्या पालकांना वकील शोधावे लागले.

आता बंदूकधारकांची बाजू. ती नीट समजून घेतली नाही तर तुम्ही प्रत्येक पावलाला दचकाल. त्यांच्या राज्य संघटना आणि एनआरए ईमेलने सुनावणीची तारीख सदस्यांना कळवतात, त्यामुळे सभागृहात ते आधी येऊन बसतात. त्यांच्या ऑनलाइन सह्यांत गावाबाहेरची नावं बरीच असतात. ते वाद घालण्यासारखं नाही, तुमच्याही यादीत असतात. मंडळाला गावातल्या पत्त्यांचा वेगळा आकडा द्या, एवढंच. बहिष्काराला ते उलट खरेदीने उत्तर देतात, म्हणून विरोध गाजलेल्या दुकानात पहिल्या दिवशी रांग लागते. ते खटले लढवतात: अलामेडात बंदुकीच्या हक्कासाठी लढणाऱ्या सेकंड अमेंडमेंट फाउंडेशनसारख्या संस्था दुकानदारांसोबत होत्या. आणि गावात हरले तर राज्याच्या विधिमंडळात जाऊन गावाचा अधिकारच काढून घेण्याचा प्रयत्न करतात.

यातली सर्वांत परिणामकारक गोष्ट बाहेरच्यांना सहसा दिसत नाही: ते आपल्याच दुकानदारांवर आणि कारखान्यांवर लक्ष ठेवतात. २००० मध्ये स्मिथ अँड वेसनने क्लिंटन सरकारशी करार केला: बंदुकीला कुलूप, विक्रेत्यांवर शिस्त वगैरे. बंदूकधारकांनी असा बहिष्कार टाकला की विक्री घसरली आणि २००१ मध्ये ब्रिटिश मालकाने कंपनी अवघ्या दीड कोटी डॉलरला विकली. २०१४ मध्ये मेरीलँडमधल्या रॉकव्हिलच्या एका दुकानदाराने ठरावीक घड्याळ हातात असेल तरच चालणारं पिस्तूल विकायचं ठरवलं, आणि त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. कारण न्यू जर्सीत २००२ चा कायदा होता: अशी बंदूक देशात कुठेही विक्रीला आली की काही काळाने त्या राज्यात फक्त तसलीच पिस्तुलं विकता येतील. त्याने बेत सोडला. म्हणून एखादा दुकानदार तुमच्याशी खासगीत समजूतदारपणे बोलतो आणि जाहीर सभेत ताठ होतो, तेव्हा तो दुटप्पी आहे असं लगेच समजू नका. त्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत असतं.

दुकान त्यांना का हवं असतं हेही कळायला हवं. दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन घेतलेली बंदूक घरी येत नाही. ती परवानाधारक दुकानात येते, तिथे ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून पार्श्वभूमीची चौकशी होते, मगच हातात मिळते. दुरुस्ती, साफसफाई, सुरक्षेचे वर्ग तिथेच. कायदा पाळणाऱ्या माणसाला या दुकानाला झालेला विरोध म्हणजे 'मला गुन्हेगार म्हणतात' असा वाटतो. त्याच्या त्या भावनेला ओलांडून पुढे जाता येत नाही.

आणि आकडे त्याच्याही बाजूने थोडे बोलतात. एटीएफने २००० साली दिलेल्या अहवालात गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांचा माग काढला होता. चालू विक्रेत्यांपर्यंत पोहोचलेल्या मागांपैकी ५७ टक्के माग फक्त १.२ टक्के विक्रेत्यांकडे जात होते. म्हणजे बहुतेक दुकानांतून गुन्ह्यात बंदुका जात नाहीत, आणि थोड्या दुकानांतून फार जातात. फिलाडेल्फियातलं कोलोसिमोज हे तसलं दुकान होतं. जानेवारी २००९ मध्ये हीडिंग गॉड्स कॉल या धार्मिक गटाने मालकापुढे आचारसंहिता ठेवली, त्याने नकार दिल्यावर दारात धरणं धरलं. बारा जणांना अटक झाली, मे महिन्यात सगळे निर्दोष सुटले. त्याच वर्षी एटीएफने परवाना काढून घेतला आणि दुकान बंद झालं. तिथल्या आंदोलकांची मागणी 'बंदुका नकोत' अशी नव्हती, 'दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर बंदूक घेणाऱ्याला विकू नका' अशी होती, आणि त्या मागणीला जबाबदार बंदूकधारकही खोटं म्हणू शकत नाही. अशी खरेदी २०२२ पासून केंद्रीय कायद्याने १५ वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: परवानगी मिळणारच असं दिसत असेल तर अटींवर भर द्या, आणि त्या अटी बंदूकधारक शेजाऱ्यांसोबत बसून तयार करा. चोरीची भीती दोघांना सारखीच आहे. रात्री दुकान कसं बंद करायचं याबद्दल केंद्रीय कायदा विक्रेत्याला जवळजवळ काहीच सांगत नाही. चोरी कळल्यावर ४८ तासांत एटीएफला आणि पोलिसांना कळवायचं, एवढं आहे. वर्षातून एकदा सगळा माल मोजायची सक्तीही नाही, म्हणून ती अट परमिटमध्ये मागा.

प्लाझातल्या गाळ्यांची रचना जाऊन बघा. दोन गाळ्यांमधली भिंत बहुधा पत्र्याच्या चौकटीवर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाची असते, आणि पुष्कळदा ती वरच्या छतापर्यंत जातच नाही, खोट्या छतापाशी थांबते. चोर पुढचं दार फोडत बसत नाही. शेजारच्या रिकाम्या गाळ्यात शिरतो, छताची फरशी सरकवतो आणि भिंतीवरून पलीकडे उतरतो, नाहीतर बोर्ड करवतीने कापतो. म्हणून अट अशी लिहा: सामाईक भिंती वरच्या छतापर्यंत नेणं आणि आतून पोलादी जाळी. काचेच्या दर्शनी भागासमोर काँक्रीट भरलेले पोलादी खांब, म्हणजे चोरीची गाडी मागे घेऊन काच फोडता येत नाही. बंद करताना शोकेस रिकामी आणि माल तिजोरीत. कॅलिफोर्नियाचा कायदा पर्याय म्हणून ट्रिगर गार्डमधून (घोड्याभोवतीच्या कड्यातून) किमान एक-अष्टमांश इंच जाडीची पोलादी सळई किंवा तार ओवायला सांगतो. फोनची तार कापली तरी चालेल असा मोबाइल जोडणीचा अलार्म, आणि चित्रीकरण किती दिवस जपायचं त्याचा नेमका आकडा. 'पुरेशी सुरक्षा' असे शब्द परमिटमध्ये आले तर ती अट कुणालाच तपासता येत नाही.

आत रेंजही असेल तर प्रकरण वेगळंच. आवाजापेक्षा शिशाची धूळ महत्त्वाची. नेमबाजाच्या जागी हवा मिनिटाला ७५ फूट वेगाने त्याच्या पाठीकडून निशाण्याकडे वाहावी असं व्यावसायिक आरोग्याच्या संशोधन संस्थेचं म्हणणं आहे, आणि केंद्रीय नियमात कामगारासाठी हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. बाहेर टाकली जाणारी हवा गाळूनच जावी, आणि तिचं तोंड शेजारच्या पाळणाघराच्या हवेच्या पंख्याकडे नसावं, हे नकाशावर बोट ठेवून विचारा.

दुकानदाराशी बोलायला आणखी एक विषय आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत जवळचा. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी आठवड्याभरात एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांत जीव दिला. त्या दुकानदाराने सार्वजनिक आरोग्याच्या लोकांसोबत बसून इतर दुकानांसाठी माहितीपत्रकं आणि सूचना तयार केल्या: ग्राहकाच्या वागण्यात काय दिसलं तर विक्री थांबवायची, मदतीचा फोन नंबर कुठे लावायचा. राज्यातल्या जवळपास निम्म्या दुकानांनी ते साहित्य लावलं. हे बंदूकधारकांनी स्वतःहून केलं, त्यामुळे ते टिकलं.

शेवटी व्हिसावर असलेल्यांसाठी. सुनावणीत बोलायला नागरिक असावं लागत नाही. एच-१बीवर असलात तरी रहिवासी म्हणून बोला, लेखी द्या. पण अटक ओढवून घेणाऱ्या धरण्यापासून तुम्ही लांब राहा. निर्दोष सुटलात तरी अटकेची नोंद प्रत्येक व्हिसा अर्जात सांगावी लागते. आणि अपिलाची मुदत सहसा मंडळाच्या निर्णयापासून किंवा तो दाखल झाल्यापासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. काही ठिकाणी ती जेमतेम दहा दिवसांची असते. सुनावणी संपली त्याच रात्री क्लार्ककडून निर्णयाची तारीख, अपिलाचा फॉर्म आणि फी लेखी मागून घ्या.